बाळं कोणी वाचवली, मृत्यू कोणी मोजले : गडचिरोलीचं एक प्रकरण

घरात जन्मलेलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं, तर त्याची नोंद कुठे होते? कायदा आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार २१ दिवसांत कळवायचं असतं. पण अजून बारसंही न झालेल्या बाळासाठी ग्रामपंचायतीची पायरी कोण चढणार? जन्म लिहिलेला नसतो, मग मृत्यू कुठून लिहिला जाणार? घरातली दोन-तीन माणसं जातात, गावाबाहेर पुरून येतात. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. कागदाच्या लेखी ते बाळ आलंच नव्हतं.

बालमृत्यू कमी करायला निघालेल्या संस्थेपुढे किंवा आरोग्य खात्यापुढे ही पहिली अडचण उभी राहते. जे लिहिलंच जात नाही, ते कमी झालं हे दाखवायचं कशावरून? आणि यातून एक वाईट पळवाटही निघते. मृत्यू कमी करायला वर्षं लागतात, पैसा लागतो, रात्री-अपरात्री चालत जाणारी माणसं लागतात. मृत्यूची नोंद कमी करायला काहीच लागत नाही.

सामाजिक संस्थांचं आणि सरकारी यंत्रणांचं काम मोजायचं कसं, या चर्चेत मी गडचिरोलीचं प्रकरण पुन्हा पुन्हा पुढे करतो. तिथे बाळं वाचली हे तर आहेच. पण ती वाचली हे कशाच्या आधारावर म्हणायचं, याची तयारी तिथे उपचाराइतक्याच काळजीने केली गेली. त्या तयारीबद्दल आपण फार कमी बोलतो.

श्वास मोजणारे मणी

चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. १९८६मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या गावांत १९८८च्या सुमाराला त्यांना आढळलेला अर्भक मृत्यूदर होता १२१. म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

सुरुवात न्यूमोनियापासून झाली. ५८ गावांत गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं, आणि तुलनेसाठी ४४ गावं धरली. न्यूमोनिया ओळखायची खूण अगदी साधी आहे : बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो. दोन महिन्यांखालच्या बाळाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याला ५० किंवा जास्त असेल तर धोका. अडचण अशी की गावातल्या कित्येक दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक छोटं साधन बनवलं गेलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया.

मला या साधनाचं फार मोल वाटतं. मोजमाप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगणक, डॅशबोर्ड आणि जिल्हा मुख्यालयातली आढावा बैठक येते. इथे माप त्या दाईच्या हातात होतं, तिच्या समोरच्या बाळासाठी होतं, आणि त्यावरून पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं ते ठरत होतं. तो आकडा वर पाठवायचा म्हणून ती मोजत नव्हती.

पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, काम झालेल्या गावांत ८.१. हा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्या काही वर्षांत अर्भक मृत्यूदर १२१ वरून ८०च्या आसपास उतरला आणि तिथे अडला. जी बाळं अजूनही जात होती, त्यांतली बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच जात होती. पहिल्या महिन्यातलं मरण न्यूमोनियाच्या गोळीने थांबणारं नव्हतं.

काम सुरू करण्याआधीची दोन वर्षं

इथून पुढे या प्रकरणाचा गाभा आहे. नवजात बाळांसाठी घरच्या घरी काळजी आणि उपचार अशी योजना डोक्यात आल्यावर उद्याच कामाला लागावं असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. ३९ गावं कामासाठी धरली, ४७ गावं तुलनेसाठी, आणि १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं दोन्हीकडचे जन्म-मृत्यू नुसते नोंदवले. पहिल्या गटात नवजात मृत्यूदर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, निघाला ६२, दुसऱ्यात ५८. दोन्हीकडचं चित्र जवळपास सारखं होतं, हे आधीच कागदावर आलं.

देणगीदाराला हे पटवणं किती अवघड असतं, ते संस्थांमध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहे. तीन वर्षांचा निधी, त्यातली पहिली दोन वर्षं ‘काहीच न करता’ मोजण्यात घालवायची? मी संस्थांचे प्रस्ताव आणि अहवाल वाचण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. त्यात ‘आधीची स्थिती’ या मथळ्याखाली बहुधा जनगणनेचे जिल्ह्याचे आकडे डकवलेले असतात. काम होणार दहा गावांत, तुलना अख्ख्या जिल्ह्याशी. मग तीन वर्षांनी काय बदललं आणि कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि सगळे ‘लाभार्थी संख्या’ मोजून मोकळे होतात.

१९९५-९६ या वर्षात आणखी एक गोष्ट झाली. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बायकांनी ७६३ नवजात बाळं त्यांच्या घरी जाऊन महिनाभर तपासली, वजनं केली, लिहून ठेवलं. जवळजवळ निम्म्या बाळांना, ४८.२ टक्क्यांना, जिवावर बेतू शकेल असं काही ना काही झालं होतं. त्यांच्यासाठी वैद्यकीय मदत किती घरांनी घेतली? २.६ टक्के. बाळंतिणीची खोली, सव्वा महिन्याचा विटाळ, दवाखाना लांब, आणि ‘एवढ्याशा जिवाला बाहेर कसं न्यायचं’ ही भीती. या एका आकड्यावरून ठरलं की बाळ दवाखान्यापर्यंत येणार नाही, उपचारालाच घरापर्यंत जावं लागेल. मोजणीतून कामाची दिशा ठरली, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

मग आरोग्यदूत घरी जाऊ लागल्या. बाळ रडलं नाही तर श्वास द्यायचा. कमी वजनाच्या बाळाला ऊब द्यायची. दूध ओढत नसेल तर आईजवळ बसून शिकवायचं. जंतुसंसर्गाच्या खुणा दिसल्या तर घरच्यांची संमती घेऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. फारसं शिक्षण नसलेली गावातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, यावर तेव्हा डॉक्टरांच्या जगात मोठा आक्षेप होता. आकडे नसते, तर तो आक्षेप जिंकला असता.

तिसऱ्या वर्षी, १९९७-९८मध्ये, ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत ही सेवा पोचली. त्या गावांतला नवजात मृत्यूदर ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६०च्या आसपास, म्हणजे होता तिथेच राहिला. दोन्ही धरून निव्वळ घट ६२.२ टक्के. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर २.८ टक्के. खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर, आणि काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९मध्ये हे सगळं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

दहा नोंदी कमी पडल्या असत्या तर

आता यावर शंका घेऊ. घ्यायलाच हवी.

त्या ३९ गावांची लोकसंख्या होती ३९ हजारांच्या आसपास. एवढ्या वस्तीत वर्षाला साधारण हजारभर बाळं जन्मतात असं धरू. मृत्यूदर ६२ म्हणजे वर्षाला साठेक मृत्यू. यातल्या फक्त दहा मृत्यूंची नोंद राहिली, तर दर ६२ वरून ५२ वर येतो. एकही बाळ न वाचवता सोळा टक्के यश! ३९ गावांत दहा नोंदी राहणं म्हणजे चार गावांमागे एक. एखाद्या घरी कुणी गेलंच नाही, कुणी ‘मेलेलंच जन्मलं’ असं लिहिलं, कुणी आठवड्याने विचारलं आणि घरच्यांनी विषय टाळला. यात कुणाची लबाडीही असावी लागत नाही.

म्हणून या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट एका छोट्या वाक्यात येते : दोन्ही गटांतल्या गावांत जन्म आणि मृत्यू नोंदवणारे कार्यकर्ते आरोग्यदूतांहून वेगळे होते. बाळाला वाचवण्याची जबाबदारी जिच्यावर होती, ते बाळ गेलं की राहिलं याच्या मोजणीचा भार तिच्यावर टाकलेला नव्हता. आरोग्यदूत प्रामाणिकच होत्या. पण जिने सात रात्री एका बाळाशेजारी काढल्या, तिच्याच हाताने त्या बाळापुढे ‘मृत’ लिहून घ्यायचं आणि त्यावरून तिचंच काम जोखायचं, हे तिच्यावर अन्यायाचं आहे आणि आकड्याच्याही मुळावर येणारं आहे.

दुसरी पळवाट उपजत मृत्यूची. बाळ दोन श्वास घेऊन गेलं, तर ते नवजात मृत्यूत मोजायचं. श्वासच घेतला नाही, तर उपजत. ही रेघ अंधाऱ्या खोलीत, घाबरलेल्या माणसांच्या सांगण्यावरून ओढली जाते. नवजात मृत्यू उपजतात ढकलले गेले, तर नवजात मृत्यूदर कागदावर झरझर उतरतो. हे पकडायचा मार्ग असा की उपजत मृत्यू आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांची बेरीज वेगळी पाहायची. ढकलाढकली झाली असेल तर ती बेरीज हलत नाही. गडचिरोलीत ही बेरीजसुद्धा मोजली गेली आणि तुलनेच्या गावांच्या मानाने तीही मोठ्या प्रमाणात घटली. म्हणजे घट नुसत्या शब्दांच्या फेरफाराची नव्हती.

वेगळ्या माणसाने पुन्हा मोजायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ साली बंगालमधल्या सिंगूरच्या माहितीवरून दाखवून दिलं की दोन स्वतंत्र याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर दोन्हींतून सुटलेल्या जन्म-मृत्यूंचाही अंदाज बांधता येतो. केंद्र सरकारची नमुना नोंदणी योजना याच धर्तीवर चालते : एक माणूस वर्षभर नोंद ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन स्वतंत्र नोंद घेतो, आणि जे जुळत नाही ते पुन्हा जाऊन तपासलं जातं. राज्याचा म्हणून जो अर्भक मृत्यूदर आपण वाचतो तो यातूनच येतो. २०२० साली महाराष्ट्राचा तो दर १६ होता, देशाचा २८.

पण हा आकडा राज्याचा असतो. तालुक्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज जे भरलं जातं ते वेगळंच असतं. बंग यांच्या पुढाकाराने राज्यातल्या १३ संस्थांनी आपापल्या भागातले मृत्यू मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी यंत्रणेच्या नोंदींत यातले बहुसंख्य मृत्यू नव्हतेच. बराच गदारोळ झाला. माझ्या मते त्यातला खरा प्रश्न तेव्हा मागे पडला. खालच्या कर्मचाऱ्याने मृत्यू लिहिला की त्याला वरून विचारणा होते, स्पष्टीकरण मागवलं जातं, बैठकीत सर्वांसमोर उभं केलं जातं. लिहिला नाही, तर काहीच होत नाही. मग तो काय करील? त्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या जागी बसून पाहिलं, तर ही व्यवस्थाच त्याला न लिहायला शिकवत होती.

जिथे हे प्रकरण उणं पडतं

गडचिरोलीचा अभ्यास निर्दोष नाही. कोणती गावं कामाची आणि कोणती तुलनेची, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. काम करणारी, मोजणारी आणि निष्कर्ष छापणारी संस्था एकच होती, मोजणारी माणसं वेगळी असली तरी. आणि दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येऊन आरोग्यदूतांचं काम पाहत होते. हा पंधरवड्याचा फेरा ‘औषधा’चा भाग मानायचा की नाही? मी मानतो. पण योजना दुसरीकडे नेताना सर्वांत आधी गळतो तो हाच फेरा.

नंतरच्या पडताळण्यांत आकडे वरखाली झाले. महाराष्ट्रात सात ठिकाणी संस्थांनी हीच पद्धत राबवली, तेव्हा घट साधारण पन्नास टक्के आली. बांगलादेशात सिल्हेटला, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासात, ३४ टक्के. हरियाणातल्या फरिदाबाद जिल्ह्यात सरकारी यंत्रणेतून, घरभेटी धरून, नवजात आणि बालकांच्या आजारांचा एकत्रित कार्यक्रम १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात तपासला गेला. तिथे नवजात मृत्यूंतली घट नऊ टक्क्यांच्या घरात होती आणि तीही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे सांगता येईल अशी नव्हती. घरी जन्मलेल्या बाळांत मात्र फरक जास्त दिसला. म्हणजे ६२ टक्के हा काही सगळीकडे लागू होणारा मंत्र नाही. जिथे बाळंतपणं घरी होत होती, दवाखाना लांब होता आणि पाठीशी सतत येणारा पर्यवेक्षक होता, तिथलं ते फळ आहे. ही मर्यादा सांगितल्याने त्या कामाचं मोल उणावत नाही, असं मला मनापासून वाटतं. उलट, कुठे काय करायला हवं ते त्यातूनच कळतं.

अडीचशे रुपयांची अट

२०११मध्ये केंद्र सरकारने घरभेटीतून नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आणला. गडचिरोलीतल्या आरोग्यदूताची जागा आता आशा ताईने घेतली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये.

त्या मार्गदर्शक सूचनांत पैसे मिळण्यासाठी अटी होत्या. बाळाचं वजन कार्डावर लिहिलेलं हवं, जन्माची नोंद झालेली हवी, लसी दिलेल्या हव्यात. इथपर्यंत ठीक, हे तिच्या हातातलं आहे. पण आणखी एक अट होती : बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असली पाहिजेत.

ही अट लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. ‘परिणामावर पैसे द्या, नुसत्या कामावर नको’ हा तेव्हाचा सूर होता, आजही आहे. पण जरा हिशेब करू. एका आशाकडे साधारण हजार वस्ती. वर्षाला वीस-पंचवीस बाळंतपणं. मृत्यूदर अगदी ४० धरला, तरी तिच्या वाट्याला वर्षाला सरासरी एक मृत्यू. एखाद्या वर्षी शून्य, एखाद्या वर्षी दोन किंवा तीन. ती उत्तम असो की कामचुकार, एवढ्या लहान संख्येत योगायोगच जास्त बोलतो. ज्या बाळासाठी ती सर्वांत जास्त धावली, रात्री गाडी शोधली, दवाखान्यात रांगेत उभी राहिली, तेच बाळ गेलं तर तिचे पैसेही गेले. आणि तिच्यापुढचा कागद तिला सांगतो की बाळ ‘उपजत’ होतं किंवा बाई माहेरी गेली होती असं लिहिलं, तर निदान कुणी जाब विचारणार नाही.

हजारभर जन्मांच्या क्षेत्रावर मृत्यूदर हे चांगलं माप आहे. पंचवीस जन्मांच्या क्षेत्रावर, एका बाईच्या मानधनाला बांधलेलं, ते माप राहतच नाही. तिचं काम जोखायचं असेल तर भेट ठरलेल्या दिवशी झाली का, वजन काटा शून्यावर आणून केलं का, धोक्याची खूण दिसल्यावर तिने काय केलं, हे तिच्यासोबत दोन घरी जाऊन पाहायला हवं. तेच ते पंधरवड्याचं पर्यवेक्षण, जे महाग वाटतं म्हणून आपण गाळतो. आणि मृत्यू मोजायचा तर तो गटपातळीवर, दुसऱ्या माणसाने, आणि लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशा रीतीने.

एखाद्या लहान संस्थेला एवढा पसारा झेपत नाही, हे मी मान्य करतो. तुलनेची ४७ गावं कोण पोसणार? पण दोन गोष्टी कमी पैशात होतात. शेजारच्या गटातल्या कार्यकर्तीने सहा महिन्यांतून एकदा आपल्या गावात घरोघर विचारून जायचं, आपण तिच्या गावात. आणि मोजणी जन्मापासून न करता गरोदरपणापासून करायची. चौथ्या महिन्यात लिहिलेल्या प्रत्येक गरोदर बाईच्या नावापुढे शेवटी काहीतरी लिहावंच लागतं : जिवंत बाळ, उपजत, गर्भपात. मोकळी चौकट राहिली की दिसते.

त्या मोकळ्या चौकटींत आपल्याकडे एक शब्द फार वेळा येतो, ‘माहेरी’. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बाई सातव्या महिन्यात निघून जाते. बाळ तिकडे जन्मतं आणि तिकडेच गेलं, तर माहेरच्या गावाच्या लेखी ती त्यांची नव्हे, सासरच्या गावाच्या लेखी ती इथे नव्हती. दोन्ही गावांच्या वह्या स्वच्छ. म्हणून चौकटीत ‘माहेरी’ एवढं लिहून भागत नाही. पुढे गावाचं नाव लिहायचं, बाई परत आली की तिच्या घरी जायचं, आणि तिच्या मांडीवर बाळ नसेल, तर तिच्याजवळ बसून विचारायचं.